सतरा मागण्या आणि एक नवरी

पोस्टमन गुरवमामांनी रजिस्टर पत्र काउंटरवर ठेवलं, पोचपावतीवर माझी सही घेतली आणि जायचं सोडून तिथंच उभे राहिले.

"उघडा की," ते म्हणाले.

"उघडते. तुम्हाला काय घाई?"

"घाई न्हाई वो. पाठवणाऱ्याचं नाव बघितलं म्हणून थांबलोय."

मी पाकीट उलटं केलं. पाठवणार : कॉ. रामगोंडा मगदूम, सरचिटणीस. खाली पत्ता आमच्याच घराचा. म्हणजे माझे वडील. सकाळी हेच सरचिटणीस माझ्यासमोर बसून पोहे खात होते, वर लिंबू पिळून मागत होते, आणि आज तुला एक रजिस्टर पत्र येणार आहे असं त्यांनी चुकूनही सांगितलं नव्हतं.

आत संपाची नोटीस होती. 'क्रांती ब्यूटी पार्लरचे मालक यांस' अशी सुरुवात करून, आपल्या आस्थापनेतील कामगारांच्या सतरा मागण्या चौदा दिवसांत मान्य न झाल्यास कामगार बेमुदत संपावर जातील, असं लाल शाईत अधोरेखित केलेलं होतं.

माझ्या आस्थापनेतले कामगार म्हणजे रेश्मा मुल्लाणी आणि सुवर्णा लोहार. त्या दोघी तेव्हा माझ्या मागंच उभ्या होत्या, आणि दोघींनाही अचानक फरशीत काहीतरी फार बघण्यासारखं सापडलं होतं.

ही पंचवीस वर्षांपूर्वीची, गडहिंग्लजची गोष्ट. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते.

दादा, म्हणजे माझे वडील, तेलाच्या गिरणीत फिटर होते आणि तिथल्या लाल बावट्याच्या युनियनचे सरचिटणीस. पुढं गिरणी बंद पडली. युनियन मात्र दादांनी चालूच ठेवली. कामगार उरले नव्हते, पण लेटरहेड होतं, रबरी शिक्का होता, आणि आमच्या पलीकडच्या खोलीत ऑफिस होतं. दर रविवारी दादा तिथं एकटेच बैठक घ्यायचे आणि गणपूर्ती न झाल्यामुळं तहकूब करायचे.

माझं नाव क्रांती ठेवलं तेही त्यांनीच. लहानपणी खेळून यायला उशीर झाला की ते दारात उभं राहून ओरडायचे, "क्रांती अजून कशी आली न्हाई?" आणि समोरचे कुंभारकाका खाटेवरून उत्तर द्यायचे, "येईल वो दादा. सगळं जग वाट बघतंय, तुमी बी बघा."

दहा वर्षांची असताना मी दादांच्या खांद्यावर बसून घोषणा द्यायचे, 'कामगार जिंदाबाद, मालक मुर्दाबाद'. मला वाटायचं, मालक हे एक जनावर असतं. घरात तो शब्द शिवीसारखाच होता. आमच्याकडं बायका नवऱ्याला सर्रास 'आमचं मालक' म्हणतात. 'मालक शेताला गेल्यात', 'मालकास्नी विचारून सांगते'. माझ्या आईला मात्र दादांनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच बजावलं होतं, काहीही म्हण पण मालक म्हणू नकोस. मग ती बिचारी जन्मभर 'आमच्यातलं ते' म्हणत राहिली.

कॉलेजात गेल्यावर माझा या सगळ्यावरचा विश्वास हळूहळू उडाला. भांडण नाही, तंटा नाही. फ्रॉक आखूड होतो तसं झालं. गिरणीचा मालक बेळगावला निघून गेला होता, कामगार हमाली करत होते, आणि आम्ही अजून मुर्दाबादच म्हणत होतो. मला वाटायला लागलं, कुणाला तरी मुर्दाबाद म्हणण्यापेक्षा आपणच दुकान टाकावं, चार पोरींना काम द्यावं. मी कोल्हापुरात पार्लरचा कोर्स केला आणि घरी विषय काढला.

आमच्या घरात विषय नुसता काढता यायचा नाही. तो मांडावा लागायचा. दादा अध्यक्ष, आई अनुमोदक. दादांनी विरोधात पाऊण तास भाषण केलं. बायकांच्या भुवया उपटणं हे श्रमिकांच्या हिताचं कसं नाही, हे त्यांनी मुद्देसूद पटवून दिलं. मग मतदान झालं. ठराव दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर. दादांनी इतिवृत्तात तसं लिहिलं, सही केली आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दुकानाच्या उद्घाटनालाही आले नाहीत. "मालकाच्या दारात मी फकस्त बावटा घेऊन जात असतोय," म्हणाले.

तर आता ते बावटा घेऊन येणार होते.

"काय गं हे?" मी पोरींना विचारलं.

सुवर्णा म्हणाली, "ताई, आमी न्हाईच म्हटलं हुतं. पर दादा ऐकंनात. तुमच्या अडचणी सांगा, अडचणी सांगा म्हणून मागंच लागले."

"आणि मग?"

"मग सांगितल्या."

खरं सांगायचं तर अडचण एकच होती, आणि ती मला माहीत होती. लग्नसराई सुरू झाल्यापासून दोघींना जेवायला वेळच मिळत नव्हता. चार वाजता पडद्यामागं उभ्या उभ्या दोन घास खायच्या, तेवढ्यात मी हाक मारायचे. आठवड्यापूर्वी सुवर्णाला उपाशीपोटी भोवळ आली, दोरा सटकला आणि शाळेतल्या एका बाईंची डावी भुवई अर्धी गेली. मी सुवर्णालाच झापलं. त्या बाई दीड भुवई घेऊन घरी निघाल्या ते नेमक्या दादांच्या समोरून. गिरणी बंद पडल्यावर चार वर्षांनी दादांना पहिल्यांदा कामगार सापडले होते. ते कसले सोडतायत!

नोटिशीत जेवणाची सुट्टी चौदाव्या नंबरला होती. बाकीच्या सोळा मागण्या दादांनी गिरणीच्या जुन्या फायलीतून जशाच्या तशा उतरवल्या होत्या. तेलाच्या हौदाजवळ काम करणाऱ्यांस गमबूट द्यावेत. घाण्याच्या पट्ट्याला जाळी बसवावी. धुळीत काम करणाऱ्यांस रोज पाव किलो गूळ द्यावा.

"गमबूट घालून फेशियल करणार काय गं तुम्ही?" मी हसायला लागले, आणि त्या हसण्यात चौदावा नंबरही सोयीस्करपणे वाहून गेला. म्हटलं, लग्नसराई संपू दे, मग बघू. प्रत्येक मालक हेच म्हणतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दादांना माहीत होतं.

रेश्मा मात्र हसली नाही. ती हळूच म्हणाली, "ताई, दादा आमाला कॉम्रेड म्हणाले. कॉम्रेड रेश्मा, कॉम्रेड सुवर्णा. आजपतूर आमाला 'अगं ए' शिवाय कुणी कायबी म्हटलं न्हाई."

रात्री जेवताना मी दादांपुढं नोटीस ठेवली. त्यांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"ऑफिसात या," म्हणाले.

"ऑफिस पलीकडच्या खोलीत आहे दादा."

"सहाला बंद झालं."

"अहो, चौदावा दिवस कोणता येतोय बघा तरी! त्या दिवशी देसायांची नवरी आहे माझ्याकडं."

"कायद्यानं चौदा दिवस म्हंजे चौदा दिवस. त्यात नवरी-नवरदेव येत न्हाईत."

आईकडं बघितलं तर ती म्हणाली, "माझ्याकडं बघू नगंस. मी अनुमोदक हाय फकस्त."

देसायांची नवरी म्हणजे साधी गोष्ट नव्हती. नेसरीकडचं मोठं घराणं. सगळा कारभार नवरीच्या आजीच्या हातात, त्यांना अख्खा मुलूख आक्कासाब म्हणायचा. पहिल्यांदाच त्यांनी कोल्हापूरची बाई न बोलावता माझ्यासारख्या नवखीला काम दिलं होतं. नवरीसोबत घरातल्या अकरा बायका. हे काम नीट झालं तर पंचक्रोशीतल्या नवऱ्या माझ्या दारात येणार होत्या, आणि बिनसलं तर मला टाळं लावून घरी बसायचं होतं. आक्कासाबांचं नाक मुरडलेलं चार तालुक्यांत दिसायचं.

चौदाव्या दिवशी सकाळी दहाला मी पार्लर उघडलं. साडेदहाला समोरच्या रस्त्यावर संप उभा राहिला. दादा इस्त्रीचा सदरा घालून, बावटा घेऊन मध्ये. दोन्ही बाजूंना दोन कॉम्रेड, ठेवणीतल्या साड्या नेसून, केस मोकळे सोडून, ओठांना माझीच लिपस्टिक लावून.

"संपाला लिपस्टिक?" दादा कुरकुरले.

"फोटो निघाला म्हंजे वो दादा?" सुवर्णा म्हणाली.

मी दारातून ओरडले, "रेश्मा, अगं नवरी येणार आहे गं! मी एकटी काय काय करू?"

रेश्माचा चेहरा कावराबावरा झाला. ती एक पाऊल पुढं आली, दादांकडं बघितलं आणि परत मागं गेली. दादांनी घसा खाकरला. त्यांचा आवाज म्हणजे भोंगाच. गिरणीचा भोंगा बिघडला तर पाळी सुटल्याचं दादाच ओरडून सांगायचे, असं लोक म्हणायचे.

"कामगार एकजुटीचा…"

"विजय असो!" दोघी चिवचिवल्या.

रस्त्यावरचे लोक थांबले. चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला. कुणीतरी विचारलं, "कुणाचा मोर्चा म्हणायचा?" आणि कुणीतरी सांगितलं, "बापाचा, लेकीवर." आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला? मी आत जाऊन फण्या मांडायला लागले, आणि मांडून झाल्यावर त्या परत गोळा करायला लागले.

अकराला देसायांच्या दोन जीपगाड्या आल्या. पहिलीतून आक्कासाब उतरल्या, नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मागून नवरी उतरली, वैजयंता, हातात हिरवा चुडा, हळदीनं पिवळी झालेली. मग आत्या, मावश्या, चुलत्या, वहिन्या. नेमक्या त्याच क्षणी दादांनी बावटा उंच केला आणि होता नव्हता तेवढा आवाज लावून आरोळी ठोकली, "मालक…"

"मुर्दाबाद!" पोरी ओरडल्या.

"मालक…"

"मुर्दाबाद!"

नवरीचा पाय पायरीवरच थांबला. आक्कासाबांनी सावकाश मान वळवली.

"काय म्हणालास?"

दादांना वाटलं, घोषणा नीट ऐकू गेली नाही. त्यांनी मोठ्या प्रेमानं पुन्हा दिली, "मालक मुर्दाबाद!"

"आरं मुडद्या!" आक्कासाबांनी पदर खोचला. "माझ्या नातीचं उद्या लगीन हाय. आंगाची हळद वाळली न्हाई, आन तू तिचं मालक मुर्दाबाद म्हणालास?"

"न्हाई, न्हाई, मालक म्हंजे…"

"मालक म्हंजे काय ते मला शिकवतोस? चाळीस वर्सं मालक हुतं मला!"

एक आत्या रडायला लागली. "आवो, पहिलाच शब्द असला अभद्र कानावर आला." दुसरी म्हणाली, "जावईबापू मोटरसायकलवरनं फिरत्यात गं!" झालं, नवरीनंही डोळ्यांना पदर लावला. वहिन्यांनी नवरीला मधे घेतलं आणि जीपकडं वळवायला सुरुवात केली.

दादा गोंधळून गेले. गिरणीच्या दारात त्यांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या होत्या, पण एवढ्या बायका एकदम अंगावर आल्याचा अनुभव त्यांच्याकडं नव्हता. ते सांगत होते, "आईसाब, ही वर्गीय घोषणा हाय," आणि आक्कासाब म्हणत होत्या, "तुझा वर्ग घाल चुलीत!"

मी धावत बाहेर आले. "आक्कासाब, अहो, मालक म्हणजे मी. दुकानाची मालक. ते मला म्हणताहेत, जावयांना नाही!"

"मग हा गडी कोण?"

"माझे वडील."

आक्कासाबांनी माझ्याकडं बघितलं, दादांकडं बघितलं. त्यांना काही ते पटल्यासारखं दिसलं नाही. "ते काय असंल ते असू दे," त्या म्हणाल्या. "अभद्र शब्द निघालाय. ज्यानं काढला त्यानं समद्यांच्या देखत माघारी घ्यायचा. न्हाईतर आमी निघालो कोल्हापूरला."

आता सगळं दादांच्या हातात होतं. ते नुसते गप्प उभे राहिले असते, तरी जीप निघाल्या असत्या, दुकान बसलं असतं आणि संप जिंकला असता. आणि दादांनी आयुष्यात कधी घोषणा मागं घेतली नव्हती, एकोणीस दिवस कळंब्याच्या जेलात राहूनसुद्धा नाही, हे मला पाठ होतं.

दादांनी बावटा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"घोषणा माघारी घेत न्हाई," ते म्हणाले. वहिन्यांनी जीपचं दार उघडलं. "पर दुरुस्ती मांडतो. 'मालक' ह्या शब्दाच्या जागी 'मालकीण' असा शब्द घालावा. कॉम्रेड सुवर्णा, अनुमोदन हाय?"

"हाय की वो," सुवर्णा रडवेल्या आवाजात म्हणाली.

"दुरुस्ती मंजूर." दादा आक्कासाबांकडं वळले. "आता चालंल?"

आक्कासाबांनी विचार केला. "मालकीण म्हंजे ही पोरगी?"

"व्हय."

"मग चालंल. घरचं तुमचं तुमी बघा."

दादांनी छाती भरून घेतली. पोरींनी हात वर केले. दादांनी बावटा उचलला आणि ओरडले, "मालकीण…"

पोरी 'मुर्दाबाद' म्हणणार होत्या, पण दोघींच्या तोंडून आवाजच निघेना. त्या माझ्याकडं बघत नुसत्या उभ्या राहिल्या. तेव्हा दादांनी स्वतःच पुरं करायचं ठरवलं. तोंड उघडलं. "मालकीण मु…"

तिथंच अडलं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, "मालकीण…" आणि माझ्याकडं बघितलं. मी त्या आवाजाखाली वाढले होते. तो मी सभेत, मोर्चात, पोलिसांच्या गाडीत कधी अडखळताना ऐकला नव्हता. आता मात्र पुढचा शब्द काही बाहेर येत नव्हता. त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले.

मग त्यांनी बावटा खाली घेतला आणि घरात बोलतात तशा आवाजात म्हणाले, "क्रांते, पोरींना जेवायला सोड की गं."

एवढंच. गमबूट नाहीत, गूळ नाही. एवढं एक वाक्य ऐकून मला त्या रस्त्यावर जेवढी लाज वाटली, तेवढी त्यांच्या सतरा मागण्यांनी वाटली नव्हती.

"पोरी उपाशी हायत व्हय?" आक्कासाबांनी विचारलं.

"रोज असतात," मी म्हटलं. "माझं चुकलंय."

"मग आधी जेवू दे त्यास्नी. उपाशी माणसाच्या हातात माझी नात देणार न्हाई मी. डोळं फोडतील तिचं." त्या फतकल मारून पायरीवर बसल्या. आक्कासाब बसल्या म्हटल्यावर अकरा बायका बसल्या. नवरीनं रेश्माला विचारलं, "डब्यात काय आणलंयस?" आणि जीपमधल्या लग्नघरच्या लाडवांची पाटी उतरवायला लावली.

पोरी आत जेवायला बसल्या. दादा मात्र रस्त्यावरच उभे, एकटेच. मी जाऊन म्हटलं, "चला की आत."

"लेखी मिळाल्याशिवाय संप मिटत नसतोय."

मी आतून वही आणली. भिंतीला टेकवून लिहिलं, की जेवणाची सुट्टी रोज मिळेल.

"किती वाजता?" दादा.

"दीड ते दोन."

"एक ते दोन."

"लग्नसराईत दादा? नाही जमणार."

"मग उभा हाय मी हितं."

"बरं. एक ते दोन. पण गमबूट मिळणार नाहीत."

"ते पुढच्या वाटाघाटीत बघू." त्यांनी कागद वाचला, एका ठिकाणी काना राहिला होता तो स्वतःच्या पेनानं घातला. "सही. खाली लिव्ह, मालक."

"ते असू दे की. तुम्हाला चालत नाही तो शब्द."

"मला न्हाई चालत. पर हाईस तू. मला तुझं पटत न्हाई, मरस्तोवर पटायचं न्हाई. तरी बी जे हाय ते लिवायचं."

"मलाही तुमचं पटत नाही दादा."

"ठाव हाय मला. मतदानात हरलोय मी." त्यांनी पेन पुढं केलं. मी लिहिलं आणि सही केली. त्यांनी शिक्का मारला. शिक्का खिशातच होता. मग कागदाची घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि आता पुढं काय करायचं ते न सुचून उभे राहिले.

"जेवलात का?" मी विचारलं.

"संपात जेवत नसतात."

"संप मिटला की."

हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मी माझा डबा घेऊन आले. ते इकडंतिकडं बघून म्हणाले, "मागल्या बाजूला जाऊया. मालकाच्या डब्यातलं खाताना कुणी बघितलं तर चार माणसं नावं ठेवतील." दुकानाच्या मागं पाण्याच्या टाकीजवळ आम्ही दोघं बसलो. दादा भिंतीकडं तोंड करून जेवत होते. भाकरी त्यांनीच मोडली, मोठा तुकडा मला दिला.

दोन घास झाल्यावर ते म्हणाले, "वांग्यात मीठ कमी पडलंय."

मी म्हटलं, "लेखी द्या."

दादांना हसू आवरेना. भाकरीचा घास हातात तसाच धरून ते हसत राहिले, आणि आतून आक्कासाबांनी हाक मारली तरी मी उठले नाही. सुट्टीचा एक वाजायला अजून पुष्कळ वेळ होता, पण मी त्यांच्याजवळ बसून राहिले.